लहान माशी मोठीला का हुसकावते? (आग्या, सातेरी, फुलोरी आणि एक बशी)

वेण्णाकाठ | १७ मार्च, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. मी शेतकरी नाही, मधपाळ तर नाहीच. नोकरी संपली, जावळी तालुक्यातल्या आजोबांच्या घरी येऊन राहिलो, आणि शेजाऱ्याने सातेरी मधमाश्यांच्या तीन पेट्या गळ्यात मारल्या. एवढंच माझं क्वालिफिकेशन.

गेल्या आठवड्यात परसातल्या कट्ट्यावर साखरपाण्याची बशी ठेवली. माश्या बुडू नयेत म्हणून आत खडे टाकले. पहिल्या दिवशी फक्त सातेरी आल्या, घरच्याच असणार. दुसऱ्या दिवशी आग्या उतरल्या. समोरच्या कड्यावर त्यांची सात-आठ पोळी लोंबतायत, इथून काळे डाग दिसतात. तिसऱ्या दिवशी फुलोरी आली. आमच्याकडे तिला काट्या म्हणतात. कुंपणातल्या डाळिंबाच्या फांदीला तिचं तळहाताएवढं पोळं आहे.

आता बघा, आग्या माशी फुलोरीच्या दुप्पट लांब. गावात आग्याचं नाव काढलं तरी लोक घोंगडी शोधतात. मला वाटलं, बशी आता आग्यांची. झालं भलतंच! फुलोरी बशीच्या काठावर ठाण मांडून बसली आणि आग्या उतरली की तिच्या अंगावर धावून जायला लागली. डोक्याने ढुसणी द्यायची, पायाला झोंबायची. आग्या एकदा सरकायची, दुसऱ्यांदा सरकायची आणि मग गुमान उडून जायची. उलट वार एकदाही नाही.

रिकामा माणूस, म्हणून अर्धा तास मोजलं. फुलोरीने आग्याला ११ वेळा हुसकावलं, सातेरीला ४ वेळा. सातेरीने आग्याला ३ वेळा. आग्याने कोणालाच नाही. घाटातल्या अरुंद वळणावर स्कूटीने ट्रकला मागे घ्यायला लावावं, तसला प्रकार.

असं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पेटीवाला | १७ मार्च, रात्री ९:४०

काका, आधी ती बशी उचला. पेट्यांच्या जवळ उघड्यावर साखरपाणी ठेवायचं नसतं. पाक द्यायचा तर संध्याकाळी, पेटीच्या आत. उघड्यावर ठेवला की परक्या माश्यांना वास लागतो, बशी संपली की त्या पेटीच्या दाराशी जातात आणि लूट सुरू होते. एकदा लूट लागली की तीनातली कमजोर पेटी दोन दिवसांत रिकामी. मी हे माझ्याच हाताने केलंय, म्हणून बोलतोय.

बाकी तुमचं निरीक्षण बरोबर आहे. काट्या भांडकुदळच. पण का, ते शिकलेल्यांनी सांगावं.

जुनाट सायकल | १७ मार्च, रात्री १०:०५

वाचनखूण साठवली आहे. आमच्या सोसायटीतही सगळ्यात मोठ्याने भांडतो तो सगळ्यात छोट्या फ्लॅटवाला. (हलके घ्या.)

मोहोळवेडी | १८ मार्च, दुपारी १:१५

वेण्णाकाठ काका, तुम्ही नकळत एका जुन्या प्रयोगाची उजळणी केलीत! निकोलाउस कोनिगर आणि फोरवोल या दोघांनी श्रीलंकेत हेच केलं होतं, १९७९ साली ते प्रसिद्ध झालं. तिकडेही आपल्याच माश्या: आग्या, सातेरी, फुलोरी आणि चौथी पोया, म्हणजे ती डंख नसलेली, भिंतीच्या भोकात मेणाची नळी काढणारी बारकी माशी. एकाच ठिकाणी गोड पाणी ठेवलं आणि कोण कोणाला हाकलतं ते पाहिलं. उतरंड निघाली बरोबर उलटी. पोया सगळ्यांवर भारी, मग फुलोरी, मग सातेरी, आणि तळाला आग्या.

त्यांनी त्याचा संबंध जोडला तो माशीच्या धावेशी. धाव म्हणजे घरापासून चाऱ्यासाठी ती किती लांब जाते. पोया घराच्या आसपासच फिरते. आग्या कितीतरी किलोमीटर जाते. आता हिशोब करा. धाव तिप्पट असेल तर हाताशी असलेला इलाखा तिप्पट नाही, नऊपट होतो. ज्या माशीला नऊपट रान मोकळं आहे तिने एका बशीसाठी पंख फाडून घ्यायचे कशाला? ती पुढच्या झाडावर जाते. ज्या माशीला या परसाबाहेर जाणं परवडतच नाही, तिच्यासाठी ही बशी म्हणजे दिवसाची अख्खी कमाई. ती भांडणारच.

दोन जातभाई एकाच अन्नावर जगत असतील तर त्यातला एक संपतो, हे गाउझेने १९३४ मध्ये काचेच्या नळीतल्या पॅरामेशियम या एकपेशीय जीवांवर दाखवलं. पण नळीत जायला दुसरीकडे जागाच नसते ना! रानात असते. त्यामुळे कोण जिंकतं यापेक्षा कोण किती सहज निघून जाऊ शकतं, हे आधी बघावं लागतं.

आडवाटेचा | १८ मार्च, दुपारी ३:३०

हे आठवडी बाजारासारखं झालं. गावातला भजीवाला स्टँडसमोरच्या कोपऱ्यासाठी डोकी फोडेल, कारण त्याला तेवढाच कोपरा. टेम्पोत विकायचे कपडे भरून मेढा, वाई, कोरेगाव असे बाजार फिरणारा व्यापारी जागेवरून वाद झाला तर हसून पुढे सरकतो. उद्या दुसरा बाजार आहे.

तर्कट | १८ मार्च, संध्याकाळी ७:५०

उपमा छान, पण मला हे सगळं जरा जास्तच गोडगोड वाटतंय. तीन शंका.

एक, बशी म्हणजे फूल नव्हे. फुलात मकरंद थेंबभर असतो आणि झाडभर पसरलेला असतो. त्याची राखण करणं कोणालाच परवडत नाही. बशीत वाटीभर पाक एका जागी. भांडण बशीमुळे लागलंय, माश्यांमुळे नाही.

दोन, कार्य आणि कारण. आग्या लांब जाते म्हणून भांडत नाही, की बशीवर मार खाते म्हणून लांब जाते? निरीक्षण दोन्हीकडून तसंच दिसणार.

तीन, आग्या भित्री नाही हे ज्याच्या मागे ती लागलीय त्याला विचारा. पोळ्याजवळ तीच माशी माणसाला मैलभर पळवते. मग बशीवर शेळी आणि घरी वाघ, हे कसं?

मोहोळवेडी | १९ मार्च, सकाळी १०:३०

तर्कटराव, तिसरीचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. पोळं एकच असतं, तेही उघड्यावर, आणि त्यात अंडी-पिल्लं. ते सोडून पुढच्या झाडावर जाता येत नाही, म्हणून तिथे जीव देते. बशी सोडता येते.

पहिली शंका पूर्ण मान्य. बशीवर दिसतं ते टोकाचं रूप. फुलांवर धावून जाणं क्वचितच दिसतं, तिथे स्पर्धा न बोलता चालते: आधी कोण येतं आणि किती उपसून नेतं.

दुसऱ्या शंकेसाठी मात्र मलाच एक अडचण मांडावी लागेल. मी बेंगळुरूला शिकत होते तेव्हा दक्षिण भारतातल्या याच तीन माश्यांवर काम चालू होतं, ते २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी धाव मोजली ती माश्यांच्या नाचावरून. माशी चारा शोधून आली की पोळ्यावर शेपूट हलवत सरळ रेषेत पळते. जितका वेळ हलवते तितकं ठिकाण लांब. मार्टिन लिंडाउअरने १९५० च्या दशकात श्रीलंकेत येऊन पाहिलं होतं की प्रत्येक जातीची ही बोली वेगळी. तेवढ्याच सेकंदांच्या नाचाचा अर्थ सातेरीत जवळ, आग्यात बराच लांब. म्हणजे सातेरीची मोजपट्टी बारीक खुणांची, आग्याची ढोबळ. जिला जवळच जायचं तिला बारीक खुणा हव्यात. जिला कोसभर जायचंय तिने एवढ्या बारकाव्याने सांगायचं म्हटलं तर नाच संपायचाच नाही.

२०२० च्या कामात आग्याची धाव सगळ्यात मोठी निघाली, अपेक्षेप्रमाणेच. पण सगळ्यात छोटी धाव फुलोरीची नाही निघाली. ती निघाली सातेरीची! फुलोरी मधे.

म्हणजे ‘जेवढी लहान तेवढी जवळची, तेवढी भांडकुदळ’ ही सरळ शिडी मोडते. धावेवरच सगळं ठरत असतं तर तुमच्या बशीवर सातेरीने फुलोरीला हाकलायला हवं होतं.

तर्कट | १९ मार्च, सकाळी ११:००

अहाहा. आता खरी मजा.

निळूभाऊ | १९ मार्च, रात्री ८:२०

मी महाबळेश्वर भागात लहानाचा मोठा झालो. वडील पावसाआधी सातेरी पकडायला रानात जायचे, त्यामुळे घरचा अनुभव सांगतो. सातेरी ढोलीत राहते. ढोली, भिंतीतलं भोक, वारुळाचं पोट, आता पेटी. आत ऊब असते, पावसाचा, वाऱ्याचा त्रास नाही. काट्या आणि आग्या उघड्यावर. त्यांच्या निम्म्याहून जास्त माश्या पोळ्यावर एकमेकींना धरून नुसत्या लोंबत असतात, पडद्यासारख्या. ती घराची भिंतच समजा.

सातेरीची पेटी उघडली की माश्या कशा धावपळीत असतात बघा. काट्याचं पोळं बघा, सगळं निवांत. सातेरी म्हणजे एसटीचा कंडक्टर, काट्या म्हणजे कट्ट्यावरची म्हातारी मंडळी. तुमच्या धावेच्या गणितात हे घर कुठेतरी घ्यायला हवं.

मोहोळवेडी | १९ मार्च, रात्री ९:१०

निळूकाका, साष्टांग नमस्कार! फ्रेड डायर आणि थॉमस सीली यांनी थायलंडमध्ये याच माश्यांवर काम करून १९९१ मध्ये नेमकं हेच मांडलं. ढोलीत राहणाऱ्या माशीला भिंत आयती मिळते, म्हणून तिच्या कामकरी माश्या झपाट्याने काम करतात, जास्त ऊर्जा जाळतात आणि लवकर मरतात. उघड्यावरच्या माश्यांना स्वतःच भिंत व्हावं लागतं. मरून चालत नाही, म्हणून त्यांची चाल संथ आणि आयुष्य जास्त.

म्हणजे सातेरी जवळच्या जवळ भराभर फेऱ्या मारते. फुलोरी सावकाश, पण गरज पडली तर तिच्याहून पुढे जाते. नुसतं ‘किती लांब’ विचारून भागत नाही, ‘किती घाईने’ हेही विचारावं लागतं. घाईत असलेली सातेरी भांडणात वेळ कशाला घालवेल? ती बशीच्या दुसऱ्या कडेला जाऊन पोट भरते आणि निघते. हा शेवटचा भाग माझा तर्क आहे, कोणी मोजलेला नाही. काका, मोजाल का? भांडण नाही, प्रत्येक माशी बशीवर किती सेकंद थांबते ते.

वेण्णाकाठ | २० मार्च, सकाळी ८:००

मोजतो. पेटीवाल्यांचं ऐकून बशी पेट्यांपासून दूर, ओढ्यापलीकडे नेली आहे.

भीमाकाठी | २१ मार्च, रात्री ११:४५

उशिरा येतोय, पण सगळे दिवसाबद्दलच बोलतायत म्हणून राहवलं नाही. ये-जा म्हणजे नुसतं अंतर नव्हे, वेळ पण.

आमच्या भीमाशंकरच्या जंगलात हेमा सोमनाथन आणि रेणी बोर्जेस यांनी वर्षानुवर्षं काम केलंय. तिथे मोठ्या काळ्या भुंग्यांच्या, म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या झायलोकोपांच्या, तीन जाती एकत्र राहतात. आकाराने सगळे दांडगे, खाणं सारखंच. पण एक दिवसा उडतो, दुसरा मुख्यतः दिवसा आणि संधिप्रकाशात, आणि तिसरा, ट्रँकेबारिका, अंधारात. चंद्र नसलेल्या रात्री, नुसत्या चांदण्यांच्या उजेडात तो रस्ता शोधतो आणि रंगसुद्धा ओळखतो, हे त्यांनी २००८ मध्ये दाखवलं. माणसाला त्या उजेडात रंग ओळखता येत नाहीत.

आणि आग्या? सूर्य मावळला की सातेरी आणि फुलोरी घरी. आग्या मात्र निम्मा किंवा त्याहून मोठा चंद्र असला तर रात्रीही चाऱ्याला जाते. तिन्ही माश्यांचे डोळे मोजले, तर आग्याचे डोळे आणि कपाळावरचे तीन बारके नेत्रबिंदू अंधुक उजेडासाठी सगळ्यात सरस. पौर्णिमेला आमच्या ओसरीच्या बल्बवर आग्या येऊन आपटतात, लहानपणापासून बघतोय. लोक म्हणतात चावायला आली. अहो, ती कामावर निघाली होती, तुमच्या बल्बने तिची वाट चुकली.

वारस नावाच्या झाडाखाली फुलांच्या दिवसांत रात्री उभं राहून बघा. पांढरी फुलं, आणि वर मोटर चालू असल्यासारखा घूंऽऽ आवाज. बशीवर दुपारी जी मार खाते तिच्यासाठी रात्रीचं अख्खं झाड मोकळं असतं.

आडवाटेचा | २२ मार्च, सकाळी ७:१५

शेवटच्या वाक्यासाठी +१. म्हणजे आग्या दोन पाळ्यांत काम करते.

मोहोळवेडी | २२ मार्च, दुपारी १२:४०

वेळेचं निघालंच आहे तर माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. राणी लग्नाला हवेत उडते, नर तिच्या गंधामागे जातात. अडचण अशी की या जातींच्या राण्यांच्या गंधातला मुख्य घटक एकच आहे. मग फुलोरीचा नर आग्याच्या राणीमागे का लागत नाही? श्रीलंकेत १९७६ मध्ये नरांच्या उड्डाणाच्या वेळा नोंदवल्या आहेत. फुलोरी दुपारी १२ ते २:३०, सातेरी ४:१५ ते ५:१५, आग्या संध्याकाळी ६ ते ६:४५. आकाश तेच, गंध तोच, नुसती पाळी वेगळी. एसटी स्टँडच्या एकाच फलाटावर तीन गाड्या लागाव्यात तशा.

तर्कट | २२ मार्च, दुपारी १:३०

आणि या वेळापत्रकात नसलेली चौथी गाडी कोणी आणून लावली तर? मेलिफेरा, ती परदेशी पाळीव मधमाशी?

पेटीवाला | २२ मार्च, रात्री १०:५५

तर्कटसाहेब, हा बाण माझ्याकडेच आहे हे कळलं. घेतो अंगावर.

माझ्याकडे दीडशे पेट्या मेलिफेरा. लोक तिला इटालियन म्हणतात. १९६० च्या दशकात आज हिमाचलात असलेल्या नगरोट्याला तिचं बस्तान बसलं आणि मग देशभर गेली. मध जास्त देते, पेटी सोडून सहसा पळत नाही, म्हणून धंदा तिच्यावर. सातेरी जरा मनाविरुद्ध झालं की घर सोडते. १९९१-९२ ला दक्षिणेत थाई सॅकब्रूड नावाचा विषाणू आला आणि सातेरीच्या पेट्याच्या पेट्या बसल्या, तेव्हापासून पुष्कळ लोक मेलिफेराकडे वळले.

आमची ये-जा अशी: कारळं फुललं की तिकडे, मग कांद्याचे बियाणे प्लॉट, थंडीत राजस्थानात मोहरी, परत येताना सूर्यफूल. रात्री माश्या आत आल्या की दारं बंद, ट्रक भरायचा, उन्हं चढायच्या आत उतरवायचा. आमच्यात एक नियम आहे, पेटी हलवायची तर दोन-तीन फूट, नाहीतर तीन मैलांच्या पलीकडे. मधल्या अंतरावर हलवली तर बाहेर गेलेली माशी ओळखीची वाट धरून जुन्या जागी जाते आणि मोकळ्या जमिनीवर घिरट्या घालून मरते. धाव धाव म्हणताय ना, ती आम्हाला अशी कळते.

आता तुमचा प्रश्न. आग्या लांब लांब जाते, पण तिची ती जाते. फुलोरा संपला की निघते. माझी पेटी मी ठेवेन तिथे राहते. फुलं संपली आणि ट्रकचं भाडं जमलं नाही म्हणून मी आठ दिवस उशीर केला, तर दीडशे पेट्यांच्या माश्या काय करणार? पाच-सहा किलोमीटरचं रान पिंजून काढतात, आणि तिथे काही नसेल तर गावातल्या सातेरीच्या पेट्या लुटतात. दोन वर्षांपूर्वी एका गावात हे झालं. एका आजींच्या दोन पेट्या गेल्या. भरपाई दिली. त्यानंतर सातेरीच्या पेट्या असलेल्या गावापाशी मी ट्रक उतरवत नाही.

मोहोळवेडी | २३ मार्च, सकाळी ९:३०

पेटीवाला दादा, इतकं सरळ लिहिल्याबद्दल आभार. यातला कळीचा मुद्दा असा की मेलिफेराला आग्यासारखी लांब धाव आहे, पण आग्याचं निघून जाणं नाही. लांब धाव आणि जागा सोडायची मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आहे आणि दुसरी नाही, तेव्हा शेजाऱ्याचं काही खरं नाही.

लग्नाच्या वेळांबद्दल: मेलिफेराचे नरही दुपारीच उडतात, त्यामुळे सातेरीच्या वेळेशी काही ठिकाणी टक्कर होते. जपानात तसं नोंदवलंय. दोघांच्या संकरातून पिल्लू जगत नाही, म्हणजे ते लग्न नुसतं वाया.

निळूभाऊ | २३ मार्च, रात्री ८:००

म्हणूनच आमच्या भागात सातेरीच बरी, असं वडील म्हणायचे. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर केलं, तिथेही पेट्या सातेरीच्याच. पावसात मात्र हाल. चार महिने धो धो, बाहेर फूल नाही, पेटीत पाक ओतून जगवायची.

आणि आग्या तेव्हा कुठे असते? कड्यावर नुसते पांढरट डाग राहतात. वळवाच्या पहिल्या-दुसऱ्या सरीला निघून जाते ती दिवाळीच्या आसपास परत. म्हणजे टंचाईच्या चार महिन्यांत ती पंगतीला नसतेच. पंगत भरली की येते. मग बशीवरून ढुसणी खाल्ली तर तिचं काय बिघडलं?

तर्कट | २३ मार्च, रात्री ८:४०

निळूभाऊ, हा प्रतिसाद मी उचलून पहिल्या क्रमांकावर ठेवला असता. आपण सगळे मार्चमधल्या एका बशीवर अडकलो होतो, तुम्ही वर्ष दाखवलंत. हचिन्सन या जीवशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये ‘पळपुटी प्रजाती’ अशी कल्पना मांडली होती: समोरासमोर हरणारी, पण दुसरा पोचायच्या आत नव्या जागी पोचून पोट भरणारी. आग्या तंतोतंत तशी नाही, ती जुन्याच जागी परत येते. पण कुळी तीच वाटते.

माझी कार्यकारणाची शंका मागे घेत नाही. फक्त तिचा आवाज कमी करतो.

मोहोळवेडी | २४ मार्च, सकाळी १०:१०

परत येण्याबद्दल एक भर. आसाममध्ये आणि बोर्निओत साबाला आग्यांच्या वसाहतींची जनुकं तपासली, दोन्ही कामं २००० सालची. स्थलांतर करून महिन्यांनी परतणारी वसाहत आपल्या आधीच्याच जागी येते. नुसत्या त्या रानात नाही, त्याच झाडावर. इतके महिने जगणाऱ्या कामकरी माश्या फारशा नसतात, मग वाट कोण लक्षात ठेवतं यावर अजून वाद आहे. थायलंडमध्ये तर वाटेतला मुक्कामही सापडलाय. एका बागेत दरवर्षी आग्यांचे थवे उतरतात, पोळं न बांधता नुसते फांदीला लोंबतात, दम खातात आणि पुढे जातात.

जुनाट सायकल | २४ मार्च, दुपारी २:२०

अवांतर: आमच्या इमारतीच्या टाकीखाली दर नोव्हेंबरला पोळं लागतं आणि दरवर्षी कमिटी औषध मारणाऱ्याला बोलावते. चार हजार रुपये. वरचं वाचून कळलं की पुढच्या वर्षी परत त्याच जागी का लागतं. माश्या तीच टाकी शोधत कुठून कुठून येतात आणि आमचे सेक्रेटरी दरवर्षी तोच कोटेशनचा कागद शोधतात.

पेटीवाला | २४ मार्च, रात्री ९:००

सायकल भाऊ, औषध मारल्यावर परतायला कोणी उरत नाही. पुढच्या वर्षीच्या माश्या बहुधा दुसऱ्या. जागा चांगली आहे म्हणून येतात. माश्या न मारता सोडवायचं असेल तर मेपर्यंत थांबा, त्या आपणहून जातात.

वेण्णाकाठ | १२ एप्रिल, सकाळी ९:३०

मंडळी, हिशोब घेऊन आलोय.

बशी ओढ्यापलीकडे, दहा सकाळ. मोहोळवेडीताईंनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक माशीचे सेकंद मोजले. हातात जुनं स्टॉपवॉच, शाळेत असताना धावण्याच्या शर्यतीला वापरायचो ते. सातेरी साधारण पाऊण मिनिटात भरून निघते. फुलोरी त्याच्या दुप्पट थांबते, आणि त्यातला बराच वेळ दुसरीवर डोळे वटारण्यात जातो. आग्या अडवली नाही तर मिनिटभर. निळूभाऊंचा कंडक्टर बरोबर होता.

पण खरी गोष्ट पुढे. ३१ तारखेला ओढ्याकाठची जांभळं फुलली. एक एप्रिलला बशीवर एकूण माश्या आल्या १४. दोन एप्रिलला ३. तीनला एकही नाही. माझ्या पाकाकडे ढुंकून कोणी बघेना. झाडाखाली जाऊन वर बघितलं तर तिन्ही जाती तिथे. आग्या शेंड्याला, सातेरी मधल्या फांद्यांवर. फुलोरी खालच्या फांदीवर, माझ्या डोळ्यासमोर. तासभर मान दुखेपर्यंत बघितलं, एकीनेही दुसरीला हात लावला नाही. तर्कटराव, बशी म्हणजे फूल नव्हे, ही तुमची शंका वहीत पहिल्या पानावर लिहिली आहे.

तर्कट | १२ एप्रिल, सकाळी १०:००

फ्रेम करून लावतो. आग्या शेंड्याला, सातेरी मधे, हे रोज तसंच की त्या एका दिवशी?

वेण्णाकाठ | १२ एप्रिल, सकाळी १०:२५

पाच दिवस बघितलं, चार दिवस तसं. पाचव्या दिवशी वारा होता, सगळ्याच खाली.

भीमाकाठी | १२ एप्रिल, रात्री ११:३०

काका, पौर्णिमेला त्याच जांभळाखाली जा. विजेरी बंद ठेवा आणि नुसते कान द्या.

वेण्णाकाठ | ९ जून, सकाळी ७:४०

धागा वर काढतोय, माफी असावी. भीमाकाठींचं ऐकून गेलो होतो. जांभळाचा बहर तोवर ओसरला होता, पण वरच्या बाजूच्या हिरड्यावर रात्री साडेनऊला आवाज होता. दिसलं काही नाही.

परवा वळीव झोडपून गेला. काल सकाळी कड्याकडे पाहिलं, आठातली पाच पोळी मोकळी. आज सकाळी आठही.

त्याच पावसात डाळिंबाची फांदी वाकली आणि फुलोरीनेही बिऱ्हाड हलवलं. किती लांब म्हणाल? वीस पावलं. कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला करवंदीच्या जाळीत. आज चहा घेऊन तिथेच बसलो होतो. माश्या डाळिंबावरच्या रिकाम्या पोळ्याकडे जातात, मेण कुरतडतात, मागच्या पायांना बारीक गोळी लावतात आणि करवंदीकडे येतात. जुनं घर मोडून वासे नव्या घराला नेतात तसं. जुनं पोळं आत्ता रुपयाएवढं उरलंय.